मोजणाऱ्याची जागा

"सात," मी म्हणालो, आणि माझी सून हसली.

"अहो बाबा, थांबा की! अजून पाना ओढलाच नाही. नाक खाजवत होते मी. कुठली गाडी सुटतेय तुमची?"

मी तिच्याकडे पाठ करून, हात मागे बांधून, भिंतीकडे तोंड करून उभा होतो. तसंच उभं राहायचं असतं. माझ्या मागे टेबलावर नव्या ब्रेक डिस्कचं लोखंडी कडं, त्याच्या मधोमध बसणारी ॲल्युमिनियमची टोपी, दोघांना एकत्र धरणारे बारा बोल्ट, आणि ते आवळणारी सून. बोल्ट ठरल्या जोराला पोचला की टॉर्कचा पाना टक् करतो. तो टक् ऐकायचा आणि आकडा म्हणायचा, एवढंच माझं काम. मी हसण्यावारी नेलं. "बरं, नाक झालं असेल तर घ्या सूनबाई," असं काहीतरी म्हणालो. पण मला तो ऐकू आला होता. शपथेवर सांगतो, सातवा टक् मला ऐकू आला होता. स्वच्छ, कोरडा, नेहमीसारखा, डाव्या कानाच्या जरा मागे. जो झालाच नव्हता, तो.

मग तिनं पाना ओढला असणार. असणार म्हणतो, कारण मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. मी कान टवकारून उभा. पंख्याची घरघर होती, बाहेर कुणीतरी ट्रक मागे घेत होतं, माझ्या स्वतःच्या नाकातून येणारा श्वास होता. "आता का गप्प? रुसलात?" ती म्हणाली, तेव्हा मी घाईघाईनं "सात" म्हणालो. आणि पुढच्या पाच बोल्टांना मी जे केलं ते या वर्कशॉपमध्ये आजवर कुणी केलेलं नाही. समोर भिंतीवर घड्याळ आहे. त्याच्या काचेत, काट्यांच्या मागे, सुनेचा कोपर दिसत होता. कोपर मागे आला, थबकला, की मी आकडा म्हणायचो. आठ. नऊ. चोरासारखा. "बारा," मी म्हणालो आणि तिनं पिवळ्या रंगाची बाटली उघडली.

हे रंगाचं सांगायला हवं. आमच्याकडे एकेक बोल्ट आवळून झाला की त्याच्यावर रंगाची रेघ मारत नाहीत, बाकीचे मारतात. आमच्या वस्तादांनी ते बंद केलं होतं. मी बसच्या डेपोतून त्यांच्याकडे आलो तेव्हा तिशीचा होतो, स्वतःला मोठा मेकॅनिक समजत होतो. पहिल्याच दिवशी त्यांनी मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. शाळेत करतात तसं. मला वाटलं, झालं, म्हातारा सटकलेला आहे. ते म्हणाले, "डोळ्यावर जाऊ नकोस. दोघांनी एकच बोल्ट बघितला की दोघं एकमेकांच्या भरवशावर राहतात आणि बोल्ट तसाच राहतो. एकानं आवळायचं, त्यानं मोजायचं नाही. दुसऱ्यानं मोजायचं, त्यानं बघायचं नाही. त्यानं 'बारा' म्हटलं की मगच सगळ्यांना रंग." आणि मग, मी विचारलंही नव्हतं तरी, "आणि गाडी पहिल्यांदा रस्त्यावर जाईल तेव्हा आवळणारा चालवणार, मोजणारा शेजारी बसणार. ज्यानं आकडा दिला त्यानं जीव द्यायचीही तयारी ठेवायची. मग आकडा खरा येतो." तीस वर्षं मी एकतर चालवलंय, नाहीतर शेजारी बसलोय. तीन वर्षांपूर्वी उजव्या हाताला कंप सुरू झाला. पाना हातात धरला की तोच नाचायला लागला, तेव्हापासून सून आवळते आणि मी मोजतो. हाताचं दुःख फार केलं नाही मी. म्हटलं, कान आहेत ना. मोजणाऱ्याची जागा काही लहान नाही.

कान आहेत ना! बायको दोन वर्षं सांगतेय की तुम्हाला ऐकू येत नाही, पण ते कुठली बायको सांगत नाही? मी बिनधास्त "अगं ऐकतोय, उत्तर देत नाहीये" असं म्हणायचो आणि स्वतःच्या विनोदावर खूश व्हायचो. आता हात धुवायच्या मोरीपाशी उभा राहून एकेक आठवायला लागलो. खिडकीबाहेरच्या झाडावर पूर्वी सकाळी पाखरं कलकलाट करायची. गेली कुठं ती? मला वाटलं होतं, झाड म्हातारं झालं. मुलाचा फोन खिशात वाजायचा आणि समोरचा माणूस सांगायचा, तुमचा फोन. माणसांचं बोलणं मला ऐकू येत होतं, ट्रक ऐकू येत होते, इंजिनातला एखादा बेअरिंग कण्हायला लागला तर तो मला चार गाड्यांपलीकडून कळत होता. फक्त बारीक, टोकदार आवाज गेले होते. न सांगता, एकामागून एक, पाहुणे उठून जावेत तसे. आणि त्यातच कधीतरी टक् गेला. मग मी इतके दिवस काय मोजत होतो? तिचा श्वास मोजत होतो बहुतेक. ओढताना ती श्वास धरते, सोडते. तिच्या बुटाचा तळवा फरशीवर जरा सरकतो. लय असते कामाला. त्या लयीवर माझं डोकं आपलं आपण टक् वाजवत होतं, तीस वर्षांची साठवण होती त्याच्याकडे, आणि मी बापडा तो ऐकून आकडे देत होतो. मला भीती वाटायला हवी होती, वाटतही होती, पण खरं सांगायचं तर त्याच्याआधी मी थक्क झालो. माझ्याच कवटीत बसून कुणीतरी मला इतका खरा आवाज काढून दाखवत होतं की मी त्याच्यावर जीव ठेवला असता. ठेवतच होतो.

तोवर कालचं आठवलं नव्हतं. नळ बंद केला आणि आठवलं. काल आम्ही याच गाडीची डावी डिस्क जोडली. मी म्हणालो, "आठ," आणि त्याच वेळी सुनेचा फोन आला. मुलाचा होता, माझ्या. शाळेत भूगोल शिकवतो तो. गाडीचं बॉनेट कुठून उघडतं ते त्याला अजून माहीत नाही, पण बायकोला दिवसातून तीनदा फोन करतो. ती बोलली, हसली, परत आली आणि तिनं विचारलं, "कितवा झाला, बाबा?" मी म्हणालो, "आठ." ती नवव्याकडे वळली. बोल्ट आडवे-उभे, समोरासमोरचे असे आवळतात, घड्याळासारखे ओळीनं नाही, म्हणून आवळणाऱ्याला आपण कुठे होतो ते नुसतं बघून सांगता येत नाही. म्हणून तर मोजणारा. आता माझ्यापुढे एकच प्रश्न होता. फोन वाजला तेव्हा तिनं आठवा ओढला होता, की नुसता पाना लावला होता?

गाडी लिफ्टवर होती, डावं चाक बसलेलं. बाहेरून सगळं झकास. मी आऱ्यांमधून डिस्ककडे बघत उभा राहिलो. काय चीज असते ही! आधी या गाडीला अखंड डिस्क होती, एकाच ओतीव लोखंडाची, आणि ती वाईट नव्हती. पण लोखंड तापलं की वाढतं. शर्यतीच्या रस्त्यावर एका वळणाआधी दीड टन वजनाची धाव चार-पाच सेकंदांत या कड्याच्या अंगात शिरते. सगळीच्या सगळी, उष्णता होऊन. लोखंड म्हणतं, मला मोठं व्हायचंय, आणि मधला भाग म्हणतो, मी नाही होऊ देणार, आणि मग अखंड डिस्क बशीसारखी वाकते. दोन तुकड्यांच्या डिस्कमध्ये कडं वेगळं आणि टोपी वेगळी. मधल्या बॉबिनवर, म्हणजे बोल्टाभोवतीच्या छोट्या नळीवर, कडं केसभर मोकळं असतं. तापलं की बाहेर सरकतं, निवलं की परत जागेवर. गार असताना जरा वाजतंही, आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येऊन विचारतं, खुळखुळा बसवून दिलाय का आम्हाला? कड्याच्या पोटात वळणदार पात्या असतात, वारा मधून ओढून बाहेर फेकणाऱ्या, म्हणून डावी डिस्क उजवीकडे लावता येत नाही. वारा उलटा फिरतो. हे सगळं कुणाच्या तरी डोक्यात पहिल्यांदा आलं असेल. त्या माणसाला त्या दिवशी जेवण गेलं असेल का, असं मला नेहमी वाटतं. तीस वर्षांत माझं या वस्तूबद्दलचं नवल तसूभर कमी झालेलं नाही. आणि त्यातला एक बोल्ट माझ्या शब्दावर ढिला असण्याची शक्यता होती.

अकरा बोल्ट धरतील की, असं मी स्वतःशी म्हणालो. म्हणालो, लपवत नाही. अकरा काय कमी आहेत? शिवाय संध्याकाळी मीच शेजारी बसणार आहे, म्हणजे धोका माझा मला. मग चालवणार कोण आहे ते आठवलं. आणि उद्या कोण चालवणार तेही. गाडी भूल देणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंची. आठवडाभर लोकांना झोपवते आणि सुटीच्या दिवशी मी जागी होते, असं त्या म्हणायच्या. उद्या त्या ही गाडी घेऊन शर्यतीच्या ट्रॅकवर जाणार होत्या. ढिला बोल्ट शेजारच्यांना आपलं ओझं देतो, शेजारचे थकतात, मग तेही ढिले होतात. अकराचे दहा होतात. हे मी सुनेला शिकवलेलं होतं, माझ्याच तोंडानं. तरी मी गप्प राहिलो. हत्यारं पुसली. आधीच पुसलेली परत पुसली. बोललो तर मोजणं गेलं. हात आधीच गेलेला. मग इथे माझं काय? चहा आणणं? गिऱ्हाइकांना खुर्ची देणं? सून मला कधी घरी बसा म्हणणार नाही, पण मी इथल्या कोपऱ्यात जुन्या टायरसारखा पडून राहीन आणि सगळे वळसा घालून जातील. मला रडू येईल असं वाटलं, इतका मी स्वतःची कीव करण्यात रमलो होतो.

ती डबा खात बसली होती. मी तिच्यासमोर गेलो आणि म्हणालो, "डावी उतरव."

"काय उतरव?"

"डावी डिस्क. आठवा बोल्ट बघायचाय."

"बाराही बोल्टांना रंग लावलाय की बाबा."

"मी 'बारा' म्हटलं म्हणून लावलास." घास तिच्या हातात तसाच राहिला. मी म्हणालो, "मला टक् ऐकू येत नाही."

तिनं डबा झाकला. रडली नाही, गळ्यात पडली नाही, तशी नाहीच ती. "कधीपासून?" तिनं विचारलं. "माहीत नाही," मी म्हणालो, आणि हेच सगळ्यात वाईट होतं, ते आमच्या दोघांच्याही एकदम लक्षात आलं. तिनं वही काढली. गेल्या दोन वर्षांत अशा दोन तुकड्यांच्या डिस्क आम्ही आणखी चारच गाड्यांना बसवल्या होत्या. ती फोन हातात घेत होती, मी तो काढून घेतला. चौघांना मीच फोन केले. बोल्ट तपासायचेत, चूक माझी आहे, गाडी जागची हलवू नका, मी स्वतः येऊन बघतो. एकजण म्हणाला, "पण काका, मस्त चाललीय की." मी त्याच्यावर इतका खेकसलो की सून दचकली.

मग तिनं डावी उतरवली आणि टेबलावर ठेवली. रंग लावलेल्या बोल्टांवर एकेक करून पाना लावायला लागली. आज मी भिंतीकडे वळलो नाही. बघत राहिलो. आवळलेला बोल्ट असेल तर पाना जागचा हलायच्या आधीच टक् करतो. मला दिसायचं ते एवढंच, की तिची मान होकारार्थी हलते. एक. दोन. पाच. सहाव्याला माझ्या मनात आलं, उगाच बोललो का? मोडून टाकलं सगळं उगाच? आणि पुढच्या बोल्टावर पाना लोण्यातून जावा तसा सरकला. पाव फेरी. पिवळी रेघ मधोमध तुटली, बोल्टावरचा तुकडा एकीकडे, टोपीवरचा एकीकडे. सुनेनं पाना खाली ठेवला. मोरीपाशी गेली, तोंडावर पाणी मारलं आणि तशीच ओल्या तोंडानं परत आली.

"मी चालवणार होते," ती म्हणाली.

"मी शेजारी होतो."

"म्हणून काय? बरोबरीनं गेलो असतो, असं होय?" तिचा आवाज चढला. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा चढला असेल. "सातव्याला कळलं ना तुम्हाला? मग माझा डबा उघडेपर्यंत काय करत होतात?"

"घाबरत होतो."

माझं हे उत्तर तिला अपेक्षित नसावं. मलाही नव्हतं. "बरं," ती म्हणाली. "सगळं काढायचं. दोन्ही डिस्क. नवे बोल्ट घ्या डब्यातले." आणि आम्ही काढलं. मी आटे घासले. घासायला कंप आड येत नाही, उलट मदतच होते, असं मी म्हणालो आणि ती न हसता म्हणाली, "फालतू विनोद नकोत आता." पण बोलली. नव्या बोल्टांच्या आट्यांना ती बोल्ट आपोआप सुटू न देणारं निळं औषध लावत होती, आटे भिजतील इतकंच, थेंबभर इकडे तिकडे नाही. पहिला हलका फेरा हातानं झाला. दुसऱ्या फेऱ्याला ती थांबली. "मी मोजते मनात," ती म्हणाली. "नाही," मी म्हणालो. "आवळणारा मोजत नाही." "अहो, आज एक दिवस—" "नाही म्हणजे नाही." कमाल आहे बघा. ज्या नियमानं माझी जागा गेली, त्याच नियमासाठी मी भांडत होतो, आणि भांडताना मला एकदम बरं वाटत होतं.

डॉक्टरीणबाई चारला आल्या. त्यांनी गॉगल काढायच्या आधी मी सगळं सांगून टाकलं. बोल्ट, रंग, कान. सुनेनं तुटलेली रेघ दाखवली. बाईंनी तो बोल्ट तळहातावर घेतला, उलटा-सुलटा केला. मला वाटलं, आता चाव्या मागतील आणि जातील, आणि ते बरोबरच होईल. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे पोट शिवायच्या आधी आत वापरलेले कापसाचे बोळे दोघीजणी मोठ्यानं मोजतात. माहितीय? एकदा मोजून झालं, शिवून झालं, मी पेशंटला जागं करत होते. आणि एक सिस्टर म्हणाली, मी शेवटचा आकडा नुसता म्हटला, बघितलं नव्हतं. वीस वर्षं नोकरी झालेली बाई."

"मग?"

"मग परत भूल दिली. परत उघडलं." बोल्ट त्यांनी माझ्या हातात दिला. "बोळा होता आत. त्या पेशंटला कधी कळलंही नाही की कुणामुळे जगला. मोजायचं कसं असतं तुमच्यात?"

सून माझ्याकडे बघायला लागली. मी बाईंना भिंतीपाशी नेलं, घड्याळापासून लांब, कोऱ्या भिंतीकडे तोंड करून उभं केलं. सांगितलं की काच नको समोर. का, ते नाही सांगितलं. मग मी कुठं जावं ते मला कळेना. माझी अशी जागाच नव्हती. एक स्टूल ओढलं आणि टेबलाच्या या बाजूला बसलो.

आणि तिथे मला दिसलं. तीन वर्षं मी माझ्या सुनेकडे पाठ करून उभा होतो. शिकवलं मीच, पण शिकवताना आपण चुका बघतो, माणूस बघत नाही. तिनं पान्याचं तोंड बोल्टावर ठेवलं ते झोपलेल्या मुलाच्या डोक्याखाली उशी सारावी तसं. डावा हात कड्यावर सपाट. खांदे सैल. ओढताना दंडानं नाही, पाठीनं ओढत होती, हळू, एका चालीत, आणि शेवटच्या क्षणी, टक् होत असणार तेव्हा, मनगटात एवढासा झटका, आणि त्याच झटक्याला हात सुटलेला. एक केस जास्त नाही. "एक," बाई भिंतीला म्हणाल्या. मला आवाज नव्हताच, पण मनगटातला तो झटका मी बघत होतो आणि माझ्या अंगावर काटा आला. मला असं कधीच आवळता आलं नव्हतं. हात चांगला होता तेव्हासुद्धा नाही. मी टक् झाल्यावरही जरासा दाब द्यायचो, वस्ताद ओरडायचे, सवय गेली नाही ती नाहीच. हिनं ती माझ्याकडून घेतली नव्हती. कुठून आणलं हिनं हे? मी काही देऊ शकलो नाही ते हिच्या हातात कसं आलं? "सहा," बाई म्हणाल्या. "सात." सुनेनं पाना पुढच्या बोल्टाला लावला, थांबली, कपाळावरची बट मनगटानं मागे सारली, चांगला वेळ घेतला. भिंतीकडून एक अक्षर आलं नाही. मग तिनं ओढला आणि बाई म्हणाल्या, "आठ." सुनेनं माझ्याकडे बघितलंही नाही. काम करत होती ती.

दोन्ही डिस्क झाल्या, रंग लागला, गाडीवर चढल्या. डगमग मोजणाऱ्या डायल गेजची सुई टेकवून डिस्क हातानं फिरवली तेव्हा सुई जागच्या जागी श्वास घ्यावा एवढीच हलली. मग डिस्कला चिमटीत धरणारा कॅलिपर, त्यातले नवे पॅड, चाकं. मग बाईंनी विचारलं, आता पुढे काय, आणि सून म्हणाली, "आता पॅड आणि डिस्कची ओळख करून द्यायची. जोरात जायचं, जोरात ब्रेक मारायचा, पण पूर्ण थांबायचं नाही, परत जोरात. दहा वेळा. मी चालवणार. आणि मोजणारा शेजारी बसतो, आमच्यात तसं आहे." दोनच जणांची गाडी. बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी दार उघडून धरलं आणि म्हणालो, "बसा. पट्टा घट्ट लावा. ही दयामाया करत नाही."

वर्कशॉपच्या मागे बंद पडलेल्या कारखान्याचा सरळ रस्ता आहे, दोन किलोमीटरचा, आम्हाला तिथे परवानगी आहे. चालत दहा मिनिटं. मी चालत गेलो. दिवस मावळत आला होता, कारखान्याच्या भिंती करड्या पडल्या होत्या, आकाशात अजून थोडा उजेड होता. ब्रेक मारायचा तिथे रस्त्यावर एक पांढरा पट्टा आहे, त्याच्या जरा पुढे मी कडेला उभा राहिलो. तीस वर्षांत मी या कडेला कधी उभा राहिलो नव्हतो. आत असायचो, पट्टा छातीत रुतलेला, जीभ दातांत, आकडे मोजत, कान देत. आतून काय दिसतं? समोरची काच आणि आपली भीती.

पहिल्या तीन-चार फेऱ्यांना काही विशेष नाही. गाडी गुरगुरत आली, पट्ट्यावर नाक खाली गेलं, वेग गेला, पुढे निघून गेली. पाचव्याला वाटलं, चाकात कुठला तरी दिवा चमकला. सातव्याला ती आली तेव्हा उजेड आणखी उतरला होता. पट्ट्यावर तिनं ब्रेक मारला, आणि माझ्या बाजूच्या चाकात, आऱ्यांच्या मागे, एक कडं पेटलं. पेटलं म्हणजे ज्वाळा नाहीत. आतून. आधी काळपट लाल, मग केशरी, सगळीकडून सारखं, कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही, पूर्ण गोल, आणि मधली टोपी तशीच अंधारी. डावी डिस्क. माझ्यासमोरून ते केशरी कडं फिरत फिरत गेलं, एवढी मोठी गाडी, आत दोन माणसं, तो सगळा वेग त्या एका कड्यात उतरून उजेड झालेला, आणि कडं ते सोसत होतं, वाढत होतं, बारा बोल्टांवर सरळ फिरत होतं. मग ब्रेक सुटला आणि केशरी विझत विझत लाल, लाल विझत काळं झालं. अरे देवा, मी मोठ्यानं म्हणालो. अरे देवा! हे असं होत होतं? माझ्या पायाशी, इतकी वर्षं, मी आत बसून पुढे बघत असताना, दर वेळी हे असं उजळत होतं आणि मला कुणी सांगितलं नाही? वस्तादांना तरी माहीत होतं का? तेही आतच असायचे. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत, कारण आठवी फेरी येत होती आणि मला पापणीही हलवायची नव्हती.

दहा झाल्या. ती गाडी निववत, माणूस चालेल इतक्या हळू, माझ्याकडे परत आली. काच खाली केलेली. बाई शेजारी हसत होत्या, पांढऱ्याफटक. सून वाकून ओरडली, "बाबा, या, बसा ना! एक फेरी तुम्ही. डॉक्टर उतरतायत."

"थांबू नकोस!" मी ओरडलो आणि गाडीच्या बरोबरीनं चालायला लागलो. "तापलीय ती. ब्रेक मारून उभी राहिलीस तर पॅड चिकटतील. चालू दे तशीच!"

"मग काय पळत पळत बसणार का?"

"बसत नाही," मी म्हणालो. धाप लागली होती, हात गाडीच्या टपावर होता, आणि डाव्या चाकाची ऊब माझ्या पोटरीला लागत होती. "जरा निवव, आणि परत एकदा पळव. मला इथनंच बघायचंय."